मेणात न बुडवलेली कॉइल

आरेफभाई,

दुकानाची किल्ली अजून माझ्याकडंच आहे. भाभींनी मागितली नाही आणि मला द्यायचं सुचलं नाही. कामावरून सुटलो की शटर अर्धं वर करतो, वाकून आत जातो, थोडं थांबतो, परत येतो. रिवाइंडिंगला आलेले पंखे तसेच छताच्या हुकांना लटकलेत, पाती काढलेले, नुसती धडं. दारातून वारं आलं की ते सगळे एकदम जरासे वळतात, कोण आलंय बघावं तसे. तुम्ही असताना हे मला कधी दिसलं नव्हतं. तेव्हा दुकानात बघायला दुसरं लई काही असायचं.

मंजिरीताई म्हणाली, "भाईंबद्दल छापायला आपल्याकडून काहीतरी हवं. तू लिही."

मी म्हटलं, "ताई, माझी शाळा आठवीत सुटली. मला साधा रजेचा अर्ज लिहिता येत नाय."

"अर्ज लिहायचाच नाहीये. भाईंशी भांडायचास तसं लिही. ऱ्हस्व-दीर्घ मी बघते."

म्हणून हे. तुमचं वय, घराणं, ते सगळं पेपरात चार ओळींत येऊन गेलं. त्यात तुम्ही 'संगीतप्रेमी दुकानदार' आहात. आपण तिघं मिळून 'खरखर' नावाचा बँड होतो, तुम्ही गिटार आणि गळा, मंजिरीताई बेस, मी संबळ आणि ड्रम, हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. किंवा सांगितलं असेल आणि त्यांना वाटलं असेल की खरखर म्हणजे काहीतरी बिघाड.

देगलूरहून मी आलो तेव्हा करमाडला एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो, शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेक्यावर. खोलीतला एकुलता पंखा जळाला आणि सगळ्यांत नवा म्हणून मला पिटाळलं. जालना रोडवरचे सगळे 'पुढच्या आठवड्यात या' म्हणाले. कुणीतरी हर्सूलचा पत्ता दिला. जळका पंखा मांडीवर घेऊन मी तुमच्या बाकड्यावर बसलो. आत तुमचं तार गुंडाळायचं मशीन कट् कट् चाललं होतं, आणि त्याच्यावर माझी बोटं पंख्याच्या पत्र्यावर आपोआप चालायला लागली. मशीन थांबलं.

"ये ठेका किधर का?"

"सॉरी साहेब."

"साहेब तेरा कंपनी में. ठेका किधर का पूछा मैं."

"गोंधळातला आहे. आमच्या घरात संबळ वाजवतात."

"संबळ किधर है?"

"गावाला. वडील गेल्यापासून खुंटीला आहे."

तुम्ही माझ्या मांडीवरचा पंखा उचलून कोपऱ्यात ठेवला आणि म्हणालात, "पंखा बाद में. पहले वो ला." देगलूर किती लांब आहे हे तुम्हाला माहीत नव्हतं. खोलीतली पोरं ते पंख्यावाचूनचे दिवस मला अजून ऐकवतात.

मी कितवी शिकलो हे तुम्ही कधी विचारलं नाही. या शहरात मला भेटलेल्या प्रत्येकानं ते विचारलंय, खोली बघायला गेलो तिथल्या घरमालकीणबाईनंसुद्धा. पहिल्या कार्यक्रमात तुम्ही माईकवर म्हणालात, "ये हमारा ड्रमर, लछमन," आणि मी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. मंजिरीताई बेस वाजवता वाजवता हसत सुटली. त्या दिवसाबद्दल तुम्हाला काहीतरी म्हणायचं राहिलं. आता इथं लिहायला बसलो तरी ते लिहिता येत नाही. शुक्रिया म्हटलं तर तुम्ही म्हणाला असता, ठेका चुकला.

आपलं भांडण मात्र लिहिता येतं. ते कॉइलचं भांडण.

गिटार तुमची जुन्या बाजारातली, पण तिचा कान तुम्ही घरी केलेला. तारांखाली चुंबक असतो आणि त्याच्याभोवती बारीक तारेची कॉइल. वर तार हलली की कॉइल ते ऐकते आणि अँपला सांगते. बाजारातली कॉइल मेणात बुडवून काढतात. मग आतले वेढे घट्ट बसतात आणि तिला गिटारच्या तारांशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. तुमची कोरडी होती. भिंतीवरच्या मेलेल्या घड्याळांतली केसापेक्षा बारीक तार काढून तुम्ही ती पंख्याच्या मशीनवर भरली होती, आणि ती सगळंच ऐकायची. लाकडाला नख लागलं तरी. शटर कोणी ठोकलं तरी. गिटारजवळ तोंड नेऊन कुजबुजलं तरी. ते अँपमधून बाहेर यायचं, पण असं, की विहिरीच्या तळाशी बसून कोणीतरी बोलतंय.

मला ते सोसायचं नाही. मी आधीच घाबरट. गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. प्रॅक्टिस चालू असताना मधेच अँपमधून कोणीतरी खोकलेलं ऐकू आलं की माझ्या हातातली काठी सुटायची.

"भाई, मेणात बुडवा ना ती. सगळे बुडवतात."

"बहरी हो जाती वो. तुझ्या कानात कापूस घालू का?"

"पण वाद्यानं आपल्याला ऐकवायचं असतं. त्यानं आपलं ऐकायचं नसतं."

"कौन बोला तेरेकू? जो सुनता नहीं, वो क्या सुनाएगा?"

एकदा मी स्वतःच मेणबत्त्यांचा पुडा आणून तुमच्या गल्ल्यावर ठेवला. त्या आठवड्यात लाइट गेली तेव्हा तुम्ही त्या एकेक लावल्या आणि त्या उजेडात कोरड्या कॉइलवर वाजवत बसलात. मंजिरीताई घरी वडिलांना सांगायची, भजनी मंडळात जाते. ती म्हणाली, "आज पहिल्यांदा खरं वाटेल त्यांना, मेणाचे डाग आहेत ओढणीवर." तुम्ही म्हणालात, दुकानामागच्या हर्सूल जेलच्या भिंतीपलीकडं आपले फुकटचे श्रोते आहेत, उठून जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी जरा जोरात.

मीच तुम्हाला एक गोष्ट दिली होती. ती तरी दिली, याचं बरं वाटतं. गोंधळात कथा सांगणारा पुढं असतो आणि त्याच्या प्रत्येक ओळीला मागून साथीदार 'जी' म्हणतो. 'जी' आला नाही तर कथा पुढं जात नाही. वडील तसेच थांबून राहायचे, आणि मग माझ्या डोक्यावर टपली. लहानपणी मी झोपेतसुद्धा 'जी' म्हणायचो. हे सांगितलं तेव्हा तुम्ही गिटार मांडीवर घेतलीत. मग म्हणालात, समुद्रापलीकडं ब्लूज गाणारे काळे लोकही असंच गातात, एक ओळ माणूस म्हणतो, पुढची गिटार म्हणते. "मेरी गिटार तो है. जी बोलनेवाला नहीं था." त्याच दिवशी आपलं तलावाचं गाणं झालं. *तलाव सूख गया, घाट किसकू बुलाता.* मग जागा रिकामी. त्या जागेत माझा 'जी', आणि 'जी'वर संबळ.

तुम्ही गेलात त्या सकाळी मी पाळीवर होतो. समोरचा चहाची टपरीवाला सांगतो, तुम्ही एकटेच वाजवत होता. मग आवाज बंद झाला. तुमचा आवाज बंद होणं ही हर्सूलमध्ये चांगली गोष्ट समजली जाते, म्हणून कोणी लगेच बघायला आलं नाही. हे मी रागानं लिहीत नाही. मी तिथं असतो तर मलाही वाटलं असतं, चहा पिताहेत.

सगळे पाहुणे गेल्यावर एका दुपारी मी दुकानात गेलो. ऊन एवढं होतं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. मेन स्विच कोणीतरी तुम्ही गेलात त्या दिवशीच बंद केला होता. मी तो वर केला आणि तुमचा अँप गुणगुणायला लागला. त्याचं बटण चालूच राहिलं होतं. गिटार बाकाला टेकून उभी, वायर लावलेली. खाली तुमची ती लाल डबी, तिचा दिवा लागलेला.

लाल डबी काय आहे, ते वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पायानं दाबली की आपण वाजवलेलं ती धरून ठेवते. परत दाबली की तेच परत परत वाजवते, फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. वाजत असताना आणखी एकदा दाबली, तर जुन्यावर नवं चढवते. पटापट दोनदा दाबली तरच थांबते. एका वेळी एकच गोष्ट तिच्यात राहते, आणि लाइट गेली तरी जात नाही.

मी गिटारजवळच्या स्टुलावर बसलो आणि डबी दाबली. का, ते माहीत नाही. तुम्ही वाजायला लागलात. तलावाचं गाणं, पण सावकाश, रोजच्यापेक्षा लई सावकाश. शेवटचा सूर लांबला आणि रिकामी जागा आली. त्या जागेत, विहिरीच्या तळातून, तुम्ही म्हणालात,

"लछमन, बोल."

मी दचकलो. पाय डबीवर आपटला. आणि तोंडातून निघून गेलं, "जी."

विचार करून कोण म्हणतं ते. माझ्या बापानं टपल्या मारून बसवलेलं ते आहे. मग भानावर आलो आणि बंद करायला डबी परत दाबली, तर ती बंद होईना, पहिल्यापासून वाजायला लागली. तुमची गिटार. रिकामी जागा. "लछमन, बोल." आणि विहिरीच्या तळातूनच, तुमच्या शेजारी बसून बोलावं तसा माझा आवाज. "जी."

तुमच्या कोरड्या कॉइलनं तुम्हालाही ऐकलं होतं आणि मलाही. हे मला लगेच कळलं. कळल्यानं काही फरक पडला नाही. वर पंखे वळत होते. मी मेन स्विच पाडला आणि उन्हात येऊन उभा राहिलो. टपरीवाल्यानं न विचारता चहा दिला.

मी गावाला मायला फोन लावला.

"माय, मेलेल्या माणसाला ओ दिली तर काय होतं?"

"कोणाला दिलीस?"

"आरेफभाईंना."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "कितव्या हाकेला?"

"पहिल्याच."

"लेका, लहानपणापासून सांगते मी, माणूस दिसल्याबिगर पहिल्या हाकेला ओ देऊ नाय. तीनदा मारली तर आपलं माणूस. एकदा मारून थांबतं ते आपलं नसतं. त्याला ओ दिली की त्याच्यामागं जावं लागतं."

"ते थांबतच नाहीत माय. फेरी संपली की परत हाक मारतात."

"मग तीनदा झाली की."

"लई वेळा झाली."

"मग कशाला भ्यालास? जेवलास का?"

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा फोन आला. थोडे दिवस गावाकडं ये, म्हणाली. आवाज अगदी साधा ठेवला होता तिनं. म्हणजे तिलाही झोप लागली नव्हती.

मंजिरीताईला दुकानात नेलं. तिनं एक फेरी ऐकली आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मग फोन काढून अँपसमोर धरला, म्हणाली, हे आधी दुसरीकडं घेऊन ठेवू. नंतर फोन लावून बघितला. त्यात गिटार आली होती. माझा 'जी' आला होता. तुमची हाक आली नव्हती. एवढा बारीक आवाज फोन स्वतःच गाळून टाकतो, असं ती म्हणाली. रिकाम्या जागेत नुसता मी, कोणी बोलावलेलं नसताना ओ देणारा. तिनं ते तिथल्या तिथं पुसलं, आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं नाही.

मला माझा 'जी' त्यातून काढायचा होता. भीती एक, आणि दुसरं असं की ती तुमची शेवटची गोष्ट, तिच्यात मी पाय आपटून घुसलो होतो. काढता येतो. फेरी वाजत असताना डबी दाबून धरायची, वर चढवलेलं तेवढं निघतं. पण थांबलेली असताना दाबून धरली तर आख्खंच पुसतं. एका बटणाचा फरक नाही, एकाच बटणाच्या वेळेचा फरक आहे. तुम्ही स्वतः त्यात फसून दोन चांगली गाणी घालवली होती. मंजिरीताई म्हणाली, "आपण कोण ठरवणारे? भाभींना विचारू."

भाभी इद्दतीत आहेत, तुम्ही गेल्यावरचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. दुकानात येऊ शकत नव्हत्या, म्हणून घराच्या आणि दुकानाच्या मधल्या दाराला जो पडदा आहे, त्याच्या पलीकडं येऊन बसल्या. अलीकडं आम्ही दोघं. शटर खाली ओढलेलं, वरच्या झरोक्यातून दुपारचा एक पट्टा आत आलेला.

"बजाओ," त्या म्हणाल्या.

मी डबी दाबली. तुमची गिटार, मग हाक, मग 'जी'. पडद्याला हवा लागत नव्हती तरी तो हलला. फेरी परत सुरू झाली. मी थांबवायला गेलो तर त्या म्हणाल्या, "चलने दे." किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनीच थांबवायला सांगितलं.

"ये जी कौन बोला?"

"मी, भाभी. चुकून चढलं. काढून देतो, फक्त भाईंचा आवाज राहील."

मी पाय पुढं केला. डबी थांबलेली होती, आणि मी दाबून धरणार होतो. मंजिरीताईनं माझा दंड असा धरला की वळ उठला. "थांबलेली आहे ती, लक्ष्मण." मी पाय मागं घेतला.

पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "नक्को निकाल. रहने दे." मग म्हणाल्या, "घर में भी ऐसाच बुलाते थे. दुकानातून आवाज द्यायचे, रजिया, ओ रजिया. मैं पहली आवाज पे कभी जवाब नहीं दी. चूल्हे पे कुछ न कुछ रहता था. तीन-तीन बार बुलाना पड़ता था उनकू." त्या हसल्या असाव्यात, किंवा दुसरं काही. "उस दिन मैं अंदरच थी, लछमन. गिटार बंद हुई तो सोची, अब बुलाएँगे, चाय माँगेंगे. नहीं बुलाए." पडद्याखाली त्यांची बोटं दिसली. "किसीने तो जवाब दिया. रहने दे वो."

पडद्याच्या खालून त्यांचा हात पुढं आला, उताणा. मी लाल डबी त्यांच्या हातावर ठेवली. पंख्याच्या खोक्यात बसवलेला तुमचा छोटा अँपही आत सरकवला. मंजिरीताईनं डबीवर चिकटपट्टी लावून लिहून दिलं होतं: एकदाच, हळू. धरून ठेवायचं नाही.

शनिवारचा कार्यक्रम आम्ही केला, भाई. जालना रोडवरच्या त्या कॅफेमागचा हॉल, तुम्ही होकार देऊन ठेवला होता तो. तुमची गिटार स्टँडवर ठेवली, वायर लावली, आवाज मोठा केला आणि तिला कोणी हात लावला नाही. जाण्याआधी एक कबूल करतो, मी खिशात मेणबत्त्या नेल्या होत्या. वाटलं, आता अडवणारं कोण आहे, कॉइल बुडवून टाकू, म्हणजे परत कधी कोणी बोलणार नाही. हॉलच्या मागच्या खोलीत गिटार उलटी करून स्क्रूपर्यंत गेलो. मग सुलटी केली.

तलावाच्या गाण्याला मंजिरीताईनं ओळ म्हटली. रिकामी जागा आली. मी 'जी' म्हटलं आणि संबळावर हात पडला, आणि मागं उभी असलेली गिटार घुमायला लागली. आपली आपण. तारा थरथरताना मी बघितल्या. संबळाची थाप तिच्या लाकडात गेली, कोरड्या कॉइलनं ती ऐकली, अँपनं ती परत तिच्यावर फेकली, एवढंच झालं, तुम्हीच समजावलं असतं. समोर बसलेल्यांना वाटलं, आमची काहीतरी युक्ती आहे. पहिल्या रांगेतला एक पोरगा मात्र गिटारच्या मागं वाकून बघायला लागला, कोण आहे म्हणून. तुम्ही जिंकलात. वाद्य ऐकतं. हे तुमच्या तोंडावर कबूल केलं असतं तर महिनाभर ऐकवलं असतंत, तेवढं मात्र वाचलं.

काल पाळीवरून आलो. ऊन उतरलं होतं. शटरला किल्ली लावली आणि आतून, घराच्या बाजूनं, तुमची गिटार सुरू झाली. मी तसाच उभा राहिलो. शेवटचा सूर लांबला. जागा आली. "लछमन, बोल."

मी तोंड उघडलं. पण त्याच्या आधीच आतून मी बोललो.

"जी."

मी रस्त्यावर, हातात किल्ली. आणि आत, पडद्याच्या पलीकडं, तुमच्याजवळ बसून मीच तुम्हाला ओ देतोय. फेरी परत फिरली, तुम्ही परत हाक मारली, आणि यावेळी मी तोंड मिटून घेतलं आणि त्याला बोलू दिलं. तो माझ्यापेक्षा बरा बोलतो. घाबरल्यासारखा वाटत नाही.

मायला रात्रीचं जेवण झाल्यावर फोन केला. तिचं तेच, ओ दिली की मागं जावं लागतं. मी तिला म्हटलं, ते तर मी कधीच गेलोय. जळका पंखा मांडीवर होता, त्यांनी विचारलं ठेका किधर का, आणि मी पहिल्याच हाकेला बोललो. काय वाईट झालं? ती म्हणाली, वाईट नाय रे, पण दिसत नाहीस ना.

तेव्हा चार दिवस देगलूरला जाऊन येतो, भाई. दुकानाची किल्ली मंजिरीताईकडं ठेवतोय. तुम्ही हाक मारत राहा. घरात मी आहेच.